जुना सुटा भाग आमच्या हातात द्या : ठाणे-नवी मुंबईतील गॅरेजमालकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील मोटार गॅरेजचे मालक, अधिकृत सेवा केंद्रांचे व्यवस्थापक आणि मिस्त्री मंडळी यांस,

विषय : दुरुस्तीपूर्वी लेखी अंदाज, बदललेले सुटे भाग परत देणे आणि तपशीलवार बिल यांबाबत

सप्रेम नमस्कार.

या पावसाळ्यात आमच्या भागातील काही गॅरेजमध्ये एक नवा फलक लागलेला दिसतो : ‘बदललेले पार्ट परत दिले जाणार नाहीत. काम झाल्यावर बिलाबाबत तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.’ मोटार दुरुस्तीला टाकणाऱ्या माणसाला यंत्राची जाण बेताचीच असते. काम खरोखर झाले की नाही हे कळण्यासाठी त्याच्या हाती दोनच गोष्टी असतात, काढलेला जुना भाग आणि कामाचे बिल. या फलकाने दोन्ही एकदमच काढून घेतल्या. हे मुकाट्याने मान्य करणे मला शक्य नाही, आणि प्रश्न माझ्या एकटीचा नसल्यामुळे हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मी घोडबंदर रस्त्यावर राहते आणि नोकरीसाठी ऐरोलीला जाते. घरी वृद्ध सासूबाई आहेत, त्यांना उपचारांसाठी नियमितपणे रुग्णालयात न्यावे लागते. त्यामुळे मोटार ही आमच्या घरात चैनीची वस्तू राहिलेली नाही. हा प्रवास रोज करणाऱ्यांना रस्त्याची अवस्था वेगळी सांगायला नको. मेट्रोच्या कामांनी अरुंद झालेला घोडबंदर रस्ता, त्यावरून चाललेले कंटेनर, माजीवडा आणि कापूरबावडीची कोंडी, आणि कळव्यापुढे विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात साचणारे पाणी, या सगळ्यांतून मोटार न्यावी लागते. खड्ड्यांनी चाकाजवळचे भाग, म्हणजे लिंक रॉड (जोडणारा लहान दांडा), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि शॉकॲब्सॉर्बर लवकर झिजतात, कोंडीत सतत अर्धवट दाबून ठेवलेला क्लच वेळेआधी जातो, आणि पाण्यातून गेलेल्या मोटारीचे ब्रेक व बेअरिंग पाहून घ्यावेच लागतात. म्हणजे इथला मोटारधारक तुमच्याकडे वरचेवर येतो आणि येतच राहणार. त्याची अडचण सोडवून मिळकत करणे हा तुमचा हक्कच आहे. त्याच्या अज्ञानावर मिळकत करण्याचा हक्क मात्र कोणालाही नाही.

माझ्या बाबतीत जे घडले ते सांगते. खड्ड्यातून जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड आवाज येत असे. ठाण्यातीलच एका गॅरेजने दोन्ही लिंक रॉड गेल्याचे सांगितले, संध्याकाळी मोटार परत दिली आणि नव्या लिंक रॉडचे व मजुरीचे पैसे घेतले. जुने रॉड मागितले तेव्हा ‘भंगारवाला घेऊन गेला’ असे उत्तर मिळाले. आवाज होता तसाच राहिला. पुढे कळव्याच्या एका मिस्त्रींनी मोटार जॅकवर घेतली, चाक काढले आणि टॉर्च लावून मला जवळ बोलावले. लिंक रॉडच्या दोन्ही टोकांच्या नटांवर जुना सुकलेला चिखल जसाच्या तसा होता, आट्यांवर गंज होता, आणि पान्याने नट फिरवला की त्याच्या कडांवर जो चकचकीत ओरखडा उठतो तो कुठेही नव्हता. ‘ताई, या नटाला पानाच लागलेला नाही,’ एवढेच ते म्हणाले. आवाज लोअर आर्मच्या फाटलेल्या बुशमधून येत होता. तो त्यांनी बदलला, फाटलेले रबर माझ्या हातावर ठेवले, आणि ब्रेक पॅडही बदलून टाका असे मी म्हटल्यावर पॅडची जाडी मोजून ‘अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, आत्ता पैसे घालू नका’ असे स्वच्छ सांगितले.

लिंक रॉडचे पैसे गेले, त्याचे दुःख फार दिवस राहिले नाही. पण त्या जागी ब्रेक असते तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही. नव्या ब्रेक पॅडवरचे घर्षणाचे अस्तर साधारण १० मिलिमीटर जाड असते आणि ते ३ मिलिमीटरच्या आसपास आले की पॅड बदलावे लागतात. न बदललेले पॅड ‘बदलले’ म्हणून बिलात लिहिले, तर गायमुखच्या उतारावर मागे सासूबाईंना बसवून निघालेली मी त्या बिलावर भरवसा ठेवूनच ब्रेक दाबणार. ब्रेक ऑइलचेही तसेच आहे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते ठरावीक काळाने, बहुतेक मोटारींत दोन वर्षांनी, बदलायचे असते. आणि ते खरोखर बदलले की वरून थोडे भरले, हे बाहेरून पाहून कोणालाही कळत नाही.

सगळे गॅरेजवाले लबाड असतात असे मी म्हणणार नाही. कळव्याच्या मिस्त्रींनी तसे म्हणायला मला जागाच ठेवलेली नाही. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत त्यांच्यासारखी माणसे आहेत, आवाज ऐकून दोष ओळखणारी आणि नको ते काम अंगावर न घेणारी. पण चांगला मिस्त्री मिळणे ही आज नशिबाची गोष्ट झाली आहे. शेजारी किंवा कार्यालयातील कोणी नाव सांगितले तर ठीक, नाहीतर जे पुढे येईल ते. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ हे वाक्य मी बऱ्याच काउंटरवर ऐकले आहे. माझे म्हणणे असे की विश्वास मागून मिळत नाही. तुमचे काम ग्राहकाला तपासता आले, की तो आपोआप बसतो. माझ्या सगळ्या तक्रारी आणि सगळ्या मागण्या या एका गोष्टीपाशी येतात.

पहिली तक्रार लेखी अंदाजाची. मोटार आत घेताना ‘बघून सांगतो’ म्हणायचे, मग चाके काढून, काम खोलून झाल्यावर दुपारी फोन करायचा, ‘हेही गेलंय, तेही गेलंय, आता खोललंच आहे तर करून टाकू,’ आणि संध्याकाळी सकाळच्या आकड्याच्या दुप्पट रक्कम पुढे ठेवायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही चूक आहे असे आता कोणाला वाटतही नाही. मोटार अर्धी खोललेली असते, ग्राहक कामावर असतो, दुसरीकडे न्यायचे तर टोइंगचा खर्च डोक्यावर येतो. अशा वेळी मिळालेल्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

दुसरी तक्रार सुट्या भागांची. ओरिजिनल म्हणून डुप्लिकेट बसवणे हा तर सरळ गुन्हाच आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. पण ओरिजिनल बसवला तरी खोके दाखवले जात नाही. बंद खोक्यातील भागावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार त्याहून जास्त रक्कम घेता येत नाही. खोकेच दिसले नाही तर छापील किंमत कळायची कशी? एखादा भाग जुन्या बाजारातून आणला असेल तर तसे सांगा. जुन्या मोटारीला चांगला वापरलेला भाग बसवून घ्यायला अनेकजण आनंदाने तयार होतील, मात्र तो नव्याच्या भावात नको.

तिसरी, इंजिन ऑइलची. लहान पेट्रोल मोटारीत फिल्टरसह साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल मावते. बिल पुष्कळदा चार लिटरचे लागते. उरलेला डबा ग्राहकाचा आहे, तो डिकीत ठेवून दिला पाहिजे. पाणी मारून मोटार धुऊन दिली की आपण खूश होऊन निघून जातो आणि डबा मागायचे राहून जाते, हे तुम्हाला पक्के ठाऊक असते. आणि काढलेल्या काळ्या ऑइलबद्दल एक गोष्ट इथेच लिहिते, कारण ती मला सहन होत नाही : वापरलेले ऑइल हा २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. गॅरेजमागच्या गटारात सोडलेले ऑइल शेवटी ठाण्याच्या खाडीत जाते.

चौथी तक्रार अंदाजाने केलेल्या कामाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महाग पडते. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या कडक मानकांच्या) मोटारींमध्ये सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहे. इंजिनचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचायचा, आणि कोड मिळाल्यावरही वायरिंग, कनेक्टर, हवागळती हे सगळे तपासून मगच भाग बदलायचा, अशी कामाची रीत आहे. प्रत्यक्षात कोड ज्या सेन्सरचे नाव दाखवतो तो बदलला जातो, दिवा पुन्हा लागला की दुसरा बदलला जातो, आणि प्रत्येक प्रयोगाचे पैसे ग्राहक भरतो. यात लबाडी असेलच असे नाही, बऱ्याचदा प्रशिक्षण कमी पडलेले असते. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला त्या फरकाचा उपयोग काय?

अधिकृत सेवा केंद्रांनी यातून स्वतःला वगळू नये. तिथे बिल पक्के मिळते, भाग ओरिजिनल असतो, हे मान्य. पण साध्या सर्व्हिसिंगला दिलेल्या मोटारीच्या बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचे जंतुनाशक फवारे, खालच्या बाजूचे गंजरोधक लेपन, इंटिरिअर पॉलिश असे एकेक काम येऊन बसते, ज्यातील बरेचसे मोटारीसोबत आलेल्या कंपनीच्याच पुस्तिकेत त्या टप्प्यावर सांगितलेले नसते. काउंटरवरच्या मुलांना अशा कामांची उद्दिष्टे ठरवून दिलेली असतात, हे त्यांनीच मला सांगितले आहे. त्या मुलांवर माझा राग नाही. उद्दिष्टे ठरवणाऱ्यांनी आपल्या पुस्तिकेतील वेळापत्रक ग्राहकासमोर उघडून ठेवावे आणि त्याबाहेरचे प्रत्येक काम ‘ऐच्छिक’ म्हणून वेगळे लिहावे.

बिलाबद्दल एवढेच की ‘पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के वेगळे पडतील’ हे वाक्य आता बंद झाले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा वस्तू व सेवा कर (जीएसटी) १८ टक्क्यांवर आला आहे, मजुरीवर तो १८ टक्के आहेच. ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्यांना नोंदणीची सक्ती नाही. त्यांनी कर न लावता साधे पण तपशीलवार बिल द्यावे. कागदाच्या चिटोऱ्यावर ‘काम – इतके’ असे लिहिलेला आकडा हे बिल होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष वाचकांच्या कदाचित लक्षातही येत नसेल. मोटार माझ्या नावावर आहे, ती चालवते मी, आवाज मी ऐकलेला असतो, आणि तरी ‘मॅडम, तुम्हाला नाही कळणार, साहेबांना फोन द्या’ असे मला सांगितले जाते. मग घरी असलेल्या, मोटारीला क्वचितच हात लावणाऱ्या माणसाला फोनवर सगळे समजावून दिले जाते. जो ग्राहक प्रश्न विचारतो आहे त्याला, म्हणजे तिला, उत्तर देणे हा कामाचाच भाग आहे. कळव्याच्या मिस्त्रींनी मला टॉर्चच्या उजेडात नट दाखवला, तेव्हा मला सगळे कळले.

आता तुमची बाजू. गॅरेज चालवणे सोपे नाही. जागेचे भाडे, लिफ्ट, कॉम्प्रेसर, स्कॅनर यांचा खर्च आहे, आणि शिकून तयार झालेला मुलगा थोड्याच दिवसांत आखातात किंवा मोठ्या कंपनीच्या केंद्रात निघून जातो. स्वतंत्र गॅरेजची एक अडचण तर तुमच्या हातातली नाहीच. मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे फक्त आपल्या अधिकृत केंद्रांपुरती राखून ठेवतात, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू केले. त्यातील चार क्षेत्रांपैकी एक वाहनांचे आहे. या लढाईत मोटारधारक तुमच्याच बाजूचा आहे. कंपनीची माहिती कळव्याच्या मिस्त्रींपर्यंत पोहोचली तर फायदा माझाही आहे.

तुमची दुसरी अडचण ग्राहकांनीही ऐकून घेण्यासारखी आहे. दोष शोधण्याच्या कामाचे आपल्याकडे कोणी पैसे देत नाही. मिस्त्रीने तासभर खपून एक सैल कनेक्टर शोधला आणि दाबून बसवला, तर ‘पार्ट तर काही घातला नाही, मग पैसे कशाचे?’ असे त्याला विचारले जाते. मग मिळकत उरते ती भाग विकण्यात, आणि भाग विकण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. म्हणून मी ठामपणे सांगते : तपासणीचे शुल्क घ्या, ते दारावर लिहा, आणि त्यात कमीपणा मानू नका. आम्ही ते दिले पाहिजे. अनुभवी माणसाचे निदान ही सेवा आहे आणि तिला मोल आहे.

मात्र अडचणी कितीही खऱ्या असल्या तरी त्यांच्या आधाराने तो फलक टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी ठरते. तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, ग्राहक राहतो त्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि सेवेसाठी दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्याआधीच दाद मागता येते. भिंतीवर ‘तक्रार ऐकून घेतली जाणार नाही’ असे लिहिल्याने यातला एकही हक्क संपत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्येच वेगळा कायदा करून लेखी अंदाज, वाढीव कामाला ग्राहकाची परवानगी आणि मागितल्यास जुने भाग परत, या तिन्ही गोष्टी दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यांना बंधनकारक केल्या. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. चांगल्या गॅरेजना हे उद्यापासून करता येईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. तो फलक उतरवा. मोटार घेताना किलोमीटर, इंधनाची पातळी, ग्राहकाने सांगितलेला दोष आणि कामाचा अंदाज लिहून एक प्रत ग्राहकाला द्या. अंदाजाबाहेरचे कोणतेही काम करण्याआधी दोष असलेल्या भागाचा फोटो पाठवा, रक्कम सांगा, आणि मोबाइलवर लेखी होकार आल्याशिवाय पाना लावू नका. काढलेला प्रत्येक भाग, त्याच्या नव्या जोडीदाराच्या रिकाम्या खोक्यासह, मोटारीच्या डिकीत ठेवा. भंगाराचे पैसे तुम्हाला हवे असतील तर ग्राहकाने पाहून झाल्यावर खुशाल घ्या. बॅटरीसारखी जी वस्तू बदल्यात परत करावी लागते, ती निदान दाखवा. बिलात भाग, त्याचा क्रमांक, तो नवा आहे की वापरलेला, छापील किंमत आणि मजुरी हे सारे वेगवेगळे लिहा. नेहमीच्या कामांच्या मजुरीचा दरफलक मराठीत, दिसेल अशा जागी लावा. केलेल्या कामाची हमी किती महिन्यांची किंवा किती किलोमीटरची, ते बिलावरच लिहा.

ठाणे आणि नवी मुंबई महानगरपालिकांना तसेच ठाणे व नवी मुंबई येथील परिवहन कार्यालयांना या पत्राची प्रत पाठवत आहे. त्यांच्याकडे एकच विनंती आहे. मोटारीच्या पीयूसीची तारीख उलटली तर आम्हाला दंड होतो आणि तो योग्यच आहे. पण त्याच मोटारीचे ब्रेक उघडणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण झाले आहे का, हे कोणी विचारत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, ठाण्यातही शासकीय संस्था आहे. गॅरेजमध्ये निदान एक प्रशिक्षित मिस्त्री असावा आणि त्याचे प्रमाणपत्र दर्शनी भागात असावे, हे पाहण्याची व्यवस्था या कार्यालयांनी मिळून करावी, आणि वर्षानुवर्षे अनुभवातून शिकलेल्या मिस्त्रींची परीक्षा घेऊन त्यांनाही तसे प्रमाणपत्र मिळवून द्यावे. कागद नाही म्हणून कळव्याच्या मिस्त्रींसारख्या माणसाचे गॅरेज बंद पडता कामा नये.

आमच्या गृहसंकुलातील मोटारधारकांपुढे मी हे पत्र ठेवले आहे. लेखी अंदाज, जुने भाग आणि तपशीलवार बिल या तीन गोष्टी देण्याचे जी गॅरेज लेखी मान्य करतील, त्यांची नावे संकुलाच्या सूचनाफलकावर लावण्याचे आम्ही ठरवले आहे, आणि आमच्या मोटारी यापुढे त्यांच्याकडेच येतील. तपासणीचे शुल्क आम्ही घासाघीस न करता देऊ. दिवाळीत गावी जाण्यासाठी संकुलातील बऱ्याच मोटारी सर्व्हिसिंगला निघतात, त्याआधी आपले उत्तर कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
घोडबंदर रस्त्यावरील एक मोटारधारक रहिवासी,
ठाणे (पश्चिम)